मुठीचं माप

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मोबाइल डाव्या हातात धरला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'हात' आहे, असं ते सांगत होते, आणि माझा उजवा हात स्प्लिंट बांधून मांडीवर ठेवलेला होता.

दोन महिन्यांपूर्वी व्यायाम म्हणून मी किकबॉक्सिंगच्या एका वर्गात नाव घातलं होतं. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने ग्लोव्ह्ज आणि गुलाबी पट्ट्यांची जोडी पुढे केली. पाकिटावर 'फॉर विमेन' असं छापलेलं. त्या पट्ट्या कशा बांधायच्या हे कुणीच सांगितलं नाही. शेजारच्या बाईचं बघत बघत मी त्या गुंडाळल्या. संपता संपेनात, म्हणून उरलेली सगळी पट्टी मनगटावर फिरवली. वर ग्लोव्ह चढेना. ओढूनताणून चढवला, तर आत मूठ पुरती वळेना. चौथ्या आठवड्यात बॅगवर हूक मारताना मनगट आत मुडपलं आणि कोपरापर्यंत कळ गेली. हाड वाचलं, पण पुढे दीड महिना कणीक मळता आली नाही.

हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या ज्या डॉक्टरबाईंकडे मी गेले, त्यांनी एक्स-रे बघून झाल्यावर ती पट्टी घेऊन या असं सांगितलं. पुढच्या खेपेला नेली. त्यांनी ती माझ्या धडधाकट डाव्या हातावर बांधून पाहिली, सोडली, पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "ही तुमच्या हाताची नाहीच. दुसऱ्याच कुणाच्या तरी मोठ्या हाताची पट्टी आहे, फक्त गुलाबी रंगात बुडवलेली."

मग माझ्या हाताची पट्टी कशी असते? संपादकांना मी तेवढंच सांगितलं, की मला याच्यावर लिहायचंय.

बँडेज

पुण्यात कॅम्पाच्या पलीकडे पत्र्याच्या छपराचा एक जुना हॉल आहे. पहाटे पावणेसहाला मी तिथे पोचले तेव्हा आत दिवे लागले होते, पण कुणी ठोसे मारत नव्हतं. अकरा मुली आणि नऊ मुलगे भिंतीला टेकून ओळीने बसले होते आणि प्रत्येक जण आपापला हात बांधत होता. बोलणं जवळजवळ नाहीच. मधूनच कुणीतरी चुकलेली पट्टी सोडायचं, त्या वेल्क्रोचा चर्रर असा आवाज तेवढा यायचा.

इथले सर लष्करात असताना बॉक्सिंग शिकले. ते या वस्तूला 'बँडेज' म्हणतात आणि त्यांच्या हाताखालची मुलंही बँडेजच म्हणतात. पॉश जिममध्ये, ऑनलाइन दुकानात हिचंच नाव 'हँडरॅप'. बँडेज या शब्दामागे एक काळ आहे. सरांच्या उमेदीत ही वस्तू खेळाच्या दुकानात सहज मिळत नसे. मुलं मेडिकलच्या दुकानातून क्रेप बँडेज आणत, सहा सेंटीमीटर रुंदीचं, लचकलेल्या घोट्याला बांधतात तेच. त्याला अंगठ्यात अडकवायचा फास नसतो आणि शेवटी वेल्क्रो नसतो. फास म्हणून ते टोकाला कात्रीने चीर पाडत आणि शेवटी चिकटपट्टी लावत. आजही नवीन आलेल्या, घरून पैसे मागायला संकोचणाऱ्या मुलीच्या हातात पहिल्या आठवड्यात क्रेपच असतं.

हात बांधून लढणं ही गोष्ट जुनी आहे. १८८५ साली रोममध्ये उत्खननात एक काशाचा पुतळा सापडला. बसलेला, थकलेला, कान सुजलेला मुष्टियोद्धा. त्याच्या हातांवर चामड्याच्या वाद्या किती बारकाईने कोरल्यात ते फोटोतसुद्धा कळतं. वेढे कुठून कुठे गेले, गाठ कुठे आली, सगळं मोजता येतं. त्या कारागिराने हात बांधताना जवळून पाहिलं असणार. पण तो हात पुरुषाचा होता, आणि त्यानंतरही फार मोठा काळ हे सगळं सामान पुरुषाच्याच हाताच्या मापाने घडत राहिलं.

ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग आलं ते थेट २०१२ साली, लंडनला. त्या वेळी तीनच वजनगट होते. मेरी कोमचं ५१ किलो गटातलं कांस्यपदक तिथलंच. टोकियोत पाच गट झाले, पॅरिसला सहा, आणि २०२८च्या लॉस एंजेलिसला पुरुषांचे सात तर महिलांचेही सात असणार आहेत. आपल्याकडे नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्याची देविका घोरपडे स्पेनमध्ये ५२ किलो गटात. हॉलच्या भिंतीवर देविकाच्या बातमीचं कात्रण चिकटपट्टीने लावलेलं आहे, कडा पिवळ्या पडल्यात. मुली त्याच्या खाली बसून हात बांधतात. खेळात त्यांना जागा मिळायला लागली आहे. दुकानाच्या फळीवर अजून मिळायची आहे.

सत्तावीस काटक्यांची मोळी

माझा समज असा होता की पट्टी म्हणजे गादी, हाताला लागू नये म्हणून. डॉक्टरबाईंनी तो पहिल्याच भेटीत खोडून काढला. धक्का झेलायचं काम ग्लोव्हमधल्या फोमचं. पट्टीचं काम वेगळं. हाताच्या एका पंजात मनगटासकट २७ हाडं असतात: मनगटात खड्यांसारखी आठ, तळहातात लांबुडकी पाच, बोटांत चौदा. ठोसा लागतो त्या क्षणी ही सगळी हाडं एकमेकांपासून फाकायला बघतात. पट्टी त्यांना आवळून धरते. सुट्या काटक्या एकेक करून सहज मोडतात, मोळी मोडत नाही.

यातली सगळ्यांत बिचारी काटकी म्हणजे करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड. ते तर्जनीच्या हाडासारखं घट्ट बसवलेलं नाही, हलतं. मूठ बाहेरच्या कडेने आपटली की ते मानेशी मोडतं. वैद्यकात याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात खरं, पण ते रागाच्या भरात भिंतीवर मूठ मारणाऱ्यांमध्ये हमखास दिसतं. शिकलेला बॉक्सर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मागच्या उंचवट्यांनी मारतो. या उंचवट्यांना हॉलमध्ये सगळे 'नकल' म्हणतात. सर दिवसातून पन्नास वेळा ओरडतात, "पहिले दोन नकल!" त्या ओरडण्याचं शरीरशास्त्र हे असं आहे.

आणि मनगट. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की जिथे खळगा पडतो, तिथे आत एक छोटं हाड असतं. त्याला रक्तपुरवठा जेमतेम. ते तडकलं तर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही, आणि दुर्लक्ष झालं तर महिनोन्‌महिने जुळत नाही. मनगट मुडपल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर 'लचक आहे, बाम लावू' म्हणून घरी बसू नये. डॉक्टरबाईंनी हे मला दोनदा सांगितलं, म्हणून मीही इथे ठासून लिहितेय.

बायकांचा प्रश्न इथून वेगळा होतो. सरासरीने बायकांचे सांधे पुरुषांपेक्षा अधिक सैल असतात. हे मी हॉलमध्ये पाहिलं. सरांनी मुलींना मनगट खाली वाकवून अंगठा हाताला टेकवायला सांगितलं. अकरापैकी चार जणींचा सहज टेकला, एकीने तर दोन्ही हातांचे टेकवून दाखवले आणि बाकीच्या हसल्या. मुलग्यांत एकाचा टेकला. सर हसले नाहीत. ज्यांचा अंगठा टेकतो, त्यांच्या मनगटावर ते एक वेढा जास्त घ्यायला लावतात आणि पहिले तीन महिने जड बॅगवर हूक मारू देत नाहीत.

माझं नाव त्यांच्या यादीत असतं तर, असं तेव्हा वाटून गेलं. तिथेच बसून मी माझाही अंगठा वाकवून पाहिला होता. टेकला.

टेप

दुसऱ्या दिवशी मी शिवणाचा टेप घेऊन गेले. नववीत असलेली एक मुलगी, ४६ किलोची, समोर बसली. तिच्या मनगटाचा घेर १४.५ सेंटीमीटर. अंगठा सोडून नकलवरून पंजाचा घेर १८. मग सरांचा हात: मनगट १८.५, पंजा २३.

आता वेढे मोजू. या हॉलची पद्धत अशी: फास अंगठ्यात घालायचा, पट्टी पंजाच्या वरच्या बाजूने घ्यायची, मनगटावर तीन वेढे, तिरकं वर नेऊन नकलवर तीन वेढे, मग मनगटाकडून निघून करंगळी-अनामिकेच्या मधून, अनामिका आणि मधल्या बोटामधून, मधल्या बोटाच्या आणि तर्जनीच्या मधून अशा तीन फेऱ्या, अंगठ्याला एक फेरी, पुन्हा नकलवर दोन, मनगटावर दोन, आणि वेल्क्रो. मुलीच्या हातावर हे सगळं मोजलं तेव्हा तीन मीटरच्या आसपास पट्टी लागली. थरावर थर येतो तसा घेर वाढतो, म्हणून सव्वातीन धरू. सरांच्या हातावर तेच वेढे, तोच क्रम, आणि चार मीटर सहज गेले.

मुलीकडची पट्टी साडेचार मीटरची होती. दुकानात बहुतेक वेळा दोनच मापं दिसतात, १०८ इंची आणि १८० इंची. पहिली पावणेतीन मीटरच्या आत संपते आणि दुसरी साडेचारला जाते. हिला मधली हवी. मोठी घेतली म्हणजे सव्वा मीटर पट्टी उरते, आणि उरलेली पट्टी कुठे जाते? मनगटावर. तिच्या मनगटाचे आठ जादा वेढे. मी केलं तेच. बाहेरून ते भक्कम दिसतं, पण आतल्या आत कापडावर कापड सरकतं, आणि एवढं जाड बांधल्यावर ग्लोव्हच्या गळ्यातून हात जात नाही.

ग्लोव्हचंही दुखणं हेच आहे. त्याचं माप औंसात, म्हणजे वजनात. आतली जागा कुणाच्या हाताची, हे त्यावर कुठे लिहिलेलं नसतं. मोठ्या हाताच्या ग्लोव्हमध्ये लहान हात खुळखुळतो आणि ती पोकळी पट्टीने भरायचा मोह होतो. सर म्हणतात, थोडीफार भरा, पण ती नकलवर भरा. जुन्या मुली तेच करतात. पट्टीची चार-पाच घड्यांची चौकोनी गादी करून आधी नकलवर ठेवतात आणि मग वेढ्यांनी बांधून टाकतात. अशांना साडेचार मीटर पुरेपूर लागते. म्हणजे लांबीचा निर्णय नुसत्या हातावर होत नाही, बांधायच्या पद्धतीवरही होतो. पण ज्या मुलीला अजून साधं बांधणंच जमत नाही, तिच्या गळ्यात साडेचार मीटर घालू नये. ऑलिंपिक धाटणीच्या बॉक्सिंगच्या नियमांनी वर्षानुवर्षं जी चौकट दिली, ती कमीत कमी अडीच आणि जास्तीत जास्त साडेचार मीटरची आहे. सव्वातीन-साडेतीनची पट्टी त्यात आरामात बसते.

घट्ट किती बांधायचं, याला इथे टेप चालत नाही. बांधताना बोटं फाकवून ताठ ठेवायची. मूठ मिटवून बांधलं तर हात उघडताना पट्टी कापते आणि सैल सोडून बांधलं तर मुठीत ती गोळा होते. बांधून झाल्यावर मूठ वळली की पट्टी आवळलेली लागली पाहिजे, पंजा उघडला की श्वास घेतल्यासारखी मोकळी. सर प्रत्येकीच्या बोटांची टोकं चिमटीत धरून बघतात. नख पांढरं पडून लगेच गुलाबी झालं तर ठीक. उशीर लागला, बोट गार लागलं, तर "सोड, परत बांध". त्या नववीतल्या मुलीला त्या सकाळी तीनदा परत बांधावं लागलं. चेहऱ्यावर कंटाळा नव्हता. तिसऱ्यांदा सरांनी मान हलवली तेव्हा तिने दोन्ही मुठी एकमेकींवर हलकेच आपटल्या आणि उठली.

कापड

सगळ्या पट्ट्या सारख्या दिसतात, पण हातात घेऊन ओढल्या की दोन जाती कळतात. एक निखळ सुती, ताणली तरी न वाढणारी. दुसरी सुतात लवचीक धागा विणलेली, थोडी वाढून परत येणारी. तिला बाजारात 'मेक्सिकन' म्हणतात.

दुकानदार बायकांच्या हातात दुसरी ठेवतात, मऊ म्हणून. ती लहान हाताला खरोखर चांगली बसते. अरुंद पंजावर सुती पट्टी वळणावर फुगा धरते, लवचीक पट्टी अंगाला लागून जाते. पण तिचा एक स्वभाव माहीत असावा. बांधताना जेवढी ओढाल तेवढी ती नंतर आवळत राहते. नवखी मुलगी भीतीने घट्ट ओढते आणि दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. सुती पट्टी बांधली तशीच राहते. म्हणून सरांचा आग्रह, की पहिले सहा महिने सुती, हाताला ताण कळू दे, मग हवं तर लवचीक. मला हे पटलं. फक्त एक पुस्ती जोडेन. जिचं मनगट खूपच बारीक आहे आणि सुती पट्टी दर फेरीनंतर ढिली होते, तिने उगाच सुतीचा हट्ट धरू नये. सुती पट्टी नवी असताना खळीने कडक असते. एकदा कोमट पाण्यात धुऊन घेतल्याशिवाय ती बांधूच नये. अर्ध्या मुली पहिल्या दिवशीच्या त्या कडक कापडाला घाबरून लवचीककडे वळतात.

तिसरा प्रकार म्हणजे मोज्यासारखे चढवायचे जेलचे आतले ग्लोव्ह्ज. नोकरीवरून धावतपळत संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या बायकांना ते सोयीचे वाटतात, कारण बांधण्यातली पाच-सात मिनिटं वाचतात. नकलला ते गादी देतात. मनगटाला मात्र फारसा आधार देत नाहीत, आणि बोटांच्या मधून काहीच जात नाही, म्हणजे मोळी बांधली जातच नाही. हलक्या व्यायामाला चालतील. ज्या बाईचा अंगठा हाताला टेकतो, तिने त्यांच्या भरवशावर जड बॅग मारू नये.

मुए थाई खेळणाऱ्या मुली मनगटावर कमी वेढे घेतात, कारण त्यांना प्रतिस्पर्ध्याची मान धरायची असते, पंजा मोकळा लागतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे ग्लोव्ह तर चार औंसांचे, बोटं उघडी. त्यात साडेचार मीटर कोंबणं शक्यच नाही, तिथे आखूड आणि पातळ पट्टीच लागते. दुकानात जाताना आपण काय खेळतो हे आधी सांगावं, ते यासाठी.

काच, नखं, पाऊस

हॉलच्या कोपऱ्यात खिडकीत एक स्टीलचा डबा आहे. मुली आल्या आल्या त्यात अंगठ्या, कडी, मनगटातले दोरे ठेवतात. पट्टीखाली राहिलेली अंगठी ठोशासरशी बोटात रुतते, हे सांगावं लागत नाही. पण काचेच्या बांगड्यांचं तसं नाही. इथे येणारी एक तरुणी लग्नानंतर पंधरा दिवसांनी हिरवा चुडा घालूनच आली. चुडा इतक्यात उतरवायचा नव्हता. सर काच घालून ग्लोव्ह चढवू देणार नव्हते. मग ती रोज यायची, दोरीवरच्या उड्या मारायची, पायांची कामं करायची, आरशासमोर हवेत ठोसे मारायची आणि भिंतीशी बसून दुसऱ्या मुलींचे हात बांधून द्यायची. एक दिवस सासूबाईंनीच तेल लावून चुडा उतरवला आणि म्हणाल्या, जा आता. हे सांगताना तिचा आवाज जरा जड झाला होता. त्या महिनाभरात इतरांचे हात बांधून बांधून तिचा हात इतका बसला, की आज नव्या मुलींना पहिल्यांदा तीच बांधून देते. सगळ्या तिला ताई म्हणतात.

ताईने मला आणखी काही शिकवलं. नखं लांब असतील तर मूठ वळल्यावर ती तळहातात रुततात आणि मुलगी नकळत मूठ सैल ठेवते. दोष पट्टीला दिला जातो. फास मोठा असेल तर अंगठ्याच्या मुळाशी सरकत राहतो आणि त्यामागचा पहिला वेढाच ढिला पडतो. लहान हातांवर बिघाड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. पट्टी विकत घेताना आधी फासात अंगठा घालून बघावा, रंग नंतर. उजवा हात डाव्याने बांधताना पट्टीचं भेंडोळं पोट आणि मांडीच्या मध्ये धरावं, म्हणजे ताण एकसारखा राहतो. आणि गुंडाळून ठेवताना वेल्क्रो आत घालून सुरुवात करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी फास वर मिळतो.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र कुणाला नीटसा सुटलेला नाही. घामाने भिजलेली पट्टी बॅगेत कोंबून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास येतो आणि बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. धुवायला हवी, रोज. पण जुलैत साडेचार मीटर सुती कापड रात्रीत वाळत नाही, त्यात घर दोन खोल्यांचं आणि दोरी एकच. मुली पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर वेटोळी घालून वाळवतात. म्हणून जोड्या दोन हव्यात. बादलीत इतर कपड्यांबरोबर टाकली तर वेल्क्रो ओढण्यांना चिकटतो, धागे काढतो आणि स्वतः केसांनी भरून निकामी होतो. म्हणून आधी वेल्क्रो मिटवून ठेवायचा. एका मुलीची आजी पहिल्यांदा दोरीवर त्या पट्ट्या बघून घाबरली होती, नातीला एवढं कुठे लागलं म्हणून. आता तीच रोज संध्याकाळी त्या उतरवून, कडक गुंडाळून, रबर लावून नातीच्या पिशवीत ठेवते.

काकूंचं मशीन

साडेचार मीटरचा प्रश्न या हॉलने आपल्यापुरता सोडवलाय. तीन गल्ल्या सोडून ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू राहतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीची आई ब्लाउज टाकायला गेली तेव्हा सहज पट्टीही घेऊन गेली, ही आखूड करून द्याल का म्हणून. तेव्हापासून हॉलच्या मुली नवी पट्टी घेतली की आधी काकूंकडे जातात.

मी माझी गुलाबी जोडी घेऊन गेले. काकूंनी चष्मा वर केला, पट्टी बोटांत चोळून पाहिली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "रुंदीला हात लावणार नाही हं." मला कळलं नाही. त्यांनी पट्टीची कड नखाने दाखवली. दोन्ही बाजूंना पक्का काठ विणलेला असतो, म्हणून ती उसवत नाही. रुंदी कमी करायची तर एक काठ कापावा लागतो. मग दुमडून शिवण घालावी लागते, आणि ती शिवण आठ-दहा थरांत हाताला टोचते. मुली सुरुवातीला मागायच्या, काकूंनी एकीची करून पाहिली आणि नंतर साफ नाही म्हणायला लागल्या. लांबी मात्र हवी तेवढी घटवता येते. वेल्क्रोचं टोक उसवायचं, नको तेवढी पट्टी कापायची, वेल्क्रो परत लावायचा, चौकटीत आणि मध्ये फुलीची शिलाई. फास लहान करायचा तर नुसती एक टीप.

त्यांनी माझा हात मागितला. मी उजवाच पुढे केला. ब्लाउजचं माप घ्यावं तसा त्यांनी मनगटाला टेप लावला, पंजाला लावला, वहीत आकडे लिहिले. त्या वहीत एका बाजूला छाती-कंबर-बाही आणि दुसऱ्या बाजूला मुलींची नावं, पुढे मनगट आणि पंजा. वहीची पानं उलटत त्या म्हणाल्या, की कुणाचं मनगट वर्षात वाढलं ते मला आईच्या आधी कळतं. माझ्या पट्टीतून एक मीटर पाच सेंटीमीटर कापलं गेलं. फास अर्ध्या इंचाने आत आला. अर्धा तास लागला. पैसे त्यांनी घेतले, पण किती ते छापू नका म्हणाल्या, नाहीतर गर्दी होईल.

मशीनच्या पायाशी एक पिशवी होती, कापलेल्या तुकड्यांची. लाल, काळे, निळे, माझे दोन गुलाबी. त्यातले तीन तुकडे काकूंनी टोकाला टोक न लावता एकावर एक बोटभर चढवून सपाट शिवले, एका टोकाला फास, दुसऱ्याला जुन्या पट्टीचा वेल्क्रो. अडीच मीटरची तिरंगी पट्टी झाली. मग तशीच दुसरी. ताईची धाकटी पुतणी, आठ वर्षांची, परवापासून हॉलमध्ये यायला लागली होती आणि तिच्या मापाचं दुकानात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोरगी भिंतीशी, कात्रणाच्या खाली बसली होती. ताई समोर. "बोटं फाकव," ताई म्हणाली. तिने इतकी फाकवली की पंजा थरथरायला लागला. फास अंगठ्यात बसला. काळा तुकडा मनगटावरून गेला, लाल नकलवर आला आणि प्रत्येक वेढ्याला ती मोठ्याने मोजत होती. गुलाबी तुकडा बोटांच्या मधून जाताना तिचा आकडा चुकला. ताईने पट्टी सोडली. पुन्हा फास, पुन्हा मनगट, आणि पुन्हा "एक."